मडक्यातलं मीठ

आईनं लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि नातवंड होईस्तोवर तिथलं पाणीही पिऊ नये, असा रिवाज. ज्यानं तो पाडला त्याला लेक नसावी. पण मीठवालीला कुठलं दार बंद असतं? बायजा डोक्यावर मिठाची पाटी घेऊन खडवलीला जायची. कळव्याच्या मिठागरातलं मीठ होडीनं कल्याणपर्यंत, पुढं पायी. गावोगाव मीठ देऊन भात घ्यायचा, आणि लेकीचं, तुळसाचं, घर मुद्दाम शेवटी ठेवायचं.

तिथंही रीत आडवी यायची. मीठ हातात दिलं की भांडण होतं, म्हणून तुळसा सूप धरायची आणि बायजा त्यात ओतायची. हाताला हात लागत नसे. मग बायजा मीठ इतकं सावकाश ओतायची की तुळसाची सासू हौसाबाई विचारायची, दाणा दाणा मोजतेस की काय? तेवढ्या वेळात लेकीचं तोंड डोळाभर बघून होई. पोरगी वाळली होती, की आईलाच उगाच तसं वाटायचं, कोण जाणे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आगगाडीनं आलेलं गोण्यांचं मीठ खडवलीच्या वाण्याकडे स्वस्त मिळू लागलं. वाटेवरच्या बायका बायजाला दारातूनच नको म्हणायला लागल्या. हौसाबाईनं तर मडकं उघडून दाखवलं, काठोकाठ भरलेलं. बाई वाईट नव्हती, हिशेबी होती. पावसाळ्यापर्यंत पुरेल, तोवर उगाच पायपीट करू नकोस, म्हणाली. सूप घेऊन आलेली तुळसा दारातच उभी राहिली, आणि बायजा भरली पाटी घेऊन परत फिरली.

घरी तिचा जीव लागेना. माघ उजाडला तशी ती पाटी भरून निघालीच. मीठ खपणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, पण लांबून अंगण तरी दिसेल.

तर हौसाबाईनंच तिला अंगणातून हाक मारली. बरी आलीस, म्हणाली, मडक्यात पाणी शिरून सगळं मीठ विरघळलं. आणि भात मापायला ती आत गेली.

मडकं उन्हात पालथं घातलं होतं. माघात पाऊस कुठला? आगरातली पोरं चालायला लागली की पहिलं हेच शिकतात, की वाया घातलेलं मीठ देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं. लहानपणी तुळसा बांधावर सांडलेला खडान्‌खडा उचलायची.

"बाय, ह्या काय केलास?" बायजानं हळूच विचारलं.

तुळसानं सूप पुढं धरलं. "मीच पानी ओतला, आये."

"पापन्यांनी वेचाला लागंल."

"वेचीन. तू येत ऱ्हा."

बायजानं सूप बाजूला सारलं. मूठभर मीठ घेऊन तिनं लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि तो हात धरून ठेवला. भांडण होईल तर होऊ दे. भांडायलाही भेटावं लागतंच.