मधला स्पीकर

होम थिएटरचा रिसीव्हर, सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा, जळाला तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं होतं. नवऱ्याला मात्र चैन पडेना. रविवारी तो तिला दुकानात घेऊन गेला, तेही मत विचारायला नव्हे, येताना खोकं मांडीवर धरून बसायला कुणीतरी हवं म्हणून.

दुकानदाराने अंधाऱ्या खोलीत दोन रिसीव्हर शेजारी मांडले आणि सिनेमातला एकच प्रसंग आधी ह्यावर, मग त्यावर लावून दाखवला. नवरा डोळे मिटून डोलत होता.

"पहिल्याचा दणका भारी आहे."

"आणि ताई, तुम्हाला कुठला आवडला?"

"तिला काय विचारता," नवरा हसला. "कानांच्या नावाने ठणठणगोपाळ. घरी दर वाक्याला 'काय म्हणाला' सुरू."

"दुसरा," ती म्हणाली. "पहिल्यावर ती म्हातारी कुजबुजते ते जरा दबतं. 'तुझा खिसा उसवलाय,' म्हणते ना?"

"बरोब्बर. भल्याभल्यांच्या कानातून निसटतं ते." दुकानदार नवऱ्याकडे वळला. "साहेब, जुन्या सेटवर मधल्या स्पीकरचा आवाज किती ठेवला होता? संवाद त्यातूनच येतात."

"तो पहिल्याच दिवशी पार खाली केला. बडबडीत स्फोटांची मजा जाते. मला काय, सिनेमे तोंडपाठ असतात."

तिने पर्स घट्ट धरली. ती कचेरीत लघुलेखिका होती. साहेब बोलायचे आणि तिची पेन्सिल धावायची. पण घरी उठता-बसता 'बहिरूबाई' ऐकून तिचाच कानांवरचा भरवसा उडाला. दीर-जावांच्या गप्पांत तिने तोंड उघडणं सोडलं. मग एकदा साहेबांचा एक शब्द निसटला. कुणाचाही निसटतो. तिने मात्र आपणहून अर्ज करून जावक टपालाचं टेबल मागून घेतलं. "शहाणपणा केलास," नवरा म्हणाला होता.

गाडीत खोकं मांडीवर घेऊन तिने विचारलं, "मला बहिरी म्हणायचात, तेव्हा आवाज आपणच खाली केलाय हे ध्यानात होतं तुमच्या?"

"एवढं कोण लक्षात ठेवतं? थट्टा होती ती. उलट आनंद मान, कान शाबूत आहेत तुझे."

"कान आहेत. काम गेलं."

"गेलं कुठे? पगार तोच येतो ना?"



सोमवारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. जुनं काम परत मिळेल का, म्हणाली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, चष्मा काढून ठेवला.

"उशीर केलात, बाई. आता मी बोलतो ते कॉम्प्युटरच उतरवून घेतो. चुका करतो, पण वरून आदेशच आलाय. तुमच्या जागी तुमच्यासारखं कुणी मिळालं असतं तर आदेश आला तेव्हाच भांडलो असतो मी."

ती परत येऊन पाकिटांवर शिक्के मारत बसली.

संध्याकाळी घरी पोचली तर नवरा बाहेरच्या खोलीत फोनवर धाकट्या दिराशी बोलत होता. "अरे, गंमतच झाली. वहिनी तुझी बहिरी नाहीच मुळी," आणि पोट धरून हसला. मग त्याने हाक मारली, "अगं ये, मधला आवाज वाढवलाय. आता शब्द न् शब्द कळेल तुला."

तिने कणीक मळायला घेतली. त्याने आणखी दोनदा हाक मारली. दोन्ही तिला स्वच्छ ऐकू आल्या, पण ती जागची हलली नाही.