लालची पैसेवारी

प्रश्न मीच बिघडवला होता.

प्रितम सर नागपूरला मल्टिपल स्क्लेरोसिसवर संशोधन करतात. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि पुष्कळदा पहिला वार डोळ्याच्या नसेवर होतो. मग त्या डोळ्याला लाल रंग फिका दिसतो. म्हणून त्यांच्या पाहणीसाठी मी मोहाडीजवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या खोलीत, औषधाच्या बाटलीचं लाल झाकण घेऊन बसले होते. छापील प्रश्न असा होता : चांगल्या डोळ्याला दिसणारा लाल शंभर टक्के धरला, तर दुसऱ्या डोळ्याला किती टक्के दिसतो? टक्के कोणाला पटेनात. मी सोपं करून विचारलं, "चांगल्या डोळ्याचा लाल एक रुपया धरा. मग दुसऱ्याचा किती पैसे?"

समोरच्या माणसाचा चेहरा उजळला. "असं का! म्हणजे पैसेवारी!"

"हो, तसंच समजा," मी म्हणाले.

हे मी म्हणायला नको होतं. धानाच्या गावात पैसेवारी पिकाची असते आणि ती पन्नासच्या खाली लागली तरच सरकार दुष्काळ मानतं. तो माणूस "जरा येतो" म्हणून बाहेर गेला. तासाभराने एकोणतीस जण एकदमच आले आणि एकोणतिसांनीही अठ्ठेचाळीस पैसे सांगितले.

"एकाच माणसाचे दोन डोळे इतके जुळत नाहीत," सर फोनवर म्हणाले. "गाव रद्द कर आणि निघ."

पण गाव रद्द म्हणजे रुखमिणीही रद्द. रंगाच्या प्रश्नानंतर मी प्रत्येकाच्या डोळ्यांवर आळीपाळीने टॉर्च मारत होते. बाहुलीला कोणी पढवू शकत नाही. अठ्ठावीस जणांच्या बाहुल्या उजेडाला आकसल्या. एकतीस वर्षांच्या रुखमिणीची डावी बाहुली मात्र उजव्यावरून टॉर्च तिच्यावर नेला की उलट फाकत होती, म्हणजे त्या डोळ्याची नस दुखावली होती. डोळा फिरवला की दुखतो, असंही ती म्हणाली होती. यंदा धानाच्या रोवणीत ती धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तीनदा खालच्या चिखलाच्या बांधीत पडली होती. तिचा एमआरआय व्हायला हवा होता आणि तो फक्त सरांच्या यादीतल्यांनाच मिळणार होता.

"रुखमिणीताई, खरं किती दिसतं?"

तिने दाराकडे पाहिलं. "ठरावात अठ्ठेचाळीस आहे न."

"कोणता ठराव?"

ग्रामपंचायत सदस्य जागेश्वरने रजिस्टर समोर ठेवलं. 'विषय क्र. ४ : लाल रंगाची पैसेवारी. अठ्ठेचाळीस. सर्वानुमते मंजूर.'

"मले वीसच दिसते," रुखमिणी म्हणाली. "सांगतलं होतं मी जागेश्वरभाऊले."

"वीस कोण मानते, मॅडम?" जागेश्वर म्हणाला. "वीस म्हटलं का साहेब लोक पंचनाम्याले येतीन. अठ्ठेचाळीस कसं, शोभते."

मी सांगितलं की याला दुष्काळासारखी सरकारी मदत मिळत नाही, हा आजार आहे. वेळेत पकडला नाही तर पुढचा झटका पायांवरही येऊ शकतो.

"पायावर?" रुखमिणी म्हणाली.

दारात तिची सासू गोदावरीबाई उभी होती. "काहून पाहून राहिला रे जागेश्वर? लिही वीस!"

"लिहितो न काकी. पण गावाची सरासरी पडते, त्याचं काय?"

"मंग बाकीचे चढा वर!"

जागेश्वरने रजिस्टरच्या कडेला गणित मांडलं. तूट अठ्ठावीस पैशांची, उरलेली माणसंही अठ्ठावीस. प्रत्येकी एक पैसा वाढवला की झालं. मी कॅल्क्युलेटरवर तपासलं. सरासरी बरोबर अठ्ठेचाळीस.

"मले तं दोन्ही डोळ्यानं रुपयाच दिसते," मागून तेजराम म्हणाला.

"तू बस खाली," सगळे म्हणाले.

दुरुस्ती मंजूर झाली. सूचक जागेश्वर, अनुमोदक गोदावरीबाई. मी सरांना पुन्हा फोन लावला.

"सर, आता अठ्ठावीस जणांचे एकोणपन्नास आणि एकीचे वीस."

"ती एकटीच गावाच्या विरोधात बोलते आहे?"

"नाही सर, गावाच्या ठरावानुसार."

सर थेट मुद्द्यावर आले. "बाहुली?"

"फाकते. मी चार वेळा पाहिलं."

"सोमवारी सकाळी तिला घेऊन ये. बाकीचे अठ्ठावीस रद्द."

मी हे मोठ्याने सांगितलं. रुखमिणीने पदराने डावा डोळा पुसला. जागेश्वरचा चेहरा मात्र एकदम गंभीर झाला.

"थांबा थांबा. बाकीचे रद्द, म्हणजे एकटे वीस राहिले. म्हणजे गावाची सरासरी वीस?" त्याने घाईघाईने नवं पान उघडलं. "अरे, हा तं मोठा दुष्काळ झाला!"

खोलीत एकच गलका झाला. कोणी म्हणालं तहसीलदारांना कळवा, कोणी म्हणालं आधी सूचक ठरवा.

"तुम्ही लिहीत बसा, भाऊ," रुखमिणी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, सोमवारी मोहाडीवरून गाडी किती वाजता आहे?"