बेसमेंटमधली झाडलोट

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीच्या इमारतीत कांताबाई बेसमेंट झाडायच्या. जमिनीखाली दोन मजले, सहाशे गाड्या. अकरा वर्षं हेच काम. त्यांची मुलगी मैत्री पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होती. २०१३ साली शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिने विषय घेतला, बंदिस्त पार्किंगमधली धूळ.

परवानगीसाठी तिने कंपनीला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग कांताबाईच म्हणाल्या, "धूळच पाहिजे ना? मी रोज पोतंभर टाकून देते. डबा दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा भरून आणला. काळी, मऊ, काजळीसारखी धूळ.

प्रयोगशाळेतला पहिला आकडा मैत्रीला चुकीचा वाटला. तिने पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. बाहेरच्या रस्त्यावरच्या धुळीपेक्षा शिसं कितीतरी जास्त होतं. ती तशीच बस पकडून घरी आली. कांताबाई मेथी निवडत होत्या.

"आई, त्या धुळीत शिसं आहे. ब्रेक झिजतात, टायर झिजतात, धूर खाली बसतो. बाहेर जायला वाट नाही, मग सगळं तिथेच साठतं. ते तुझ्या छातीत जातंय."

"असेल. सकाळी थुंकी काळीच पडते."

"हे तू कधी बोलली नाहीस!"

"सगळ्याच बायकांची पडते गं."

मैत्रीच्या मार्गदर्शक बाईंनी आकडे बारकाईने पाहिले आणि कागद परत केला. "परवानगीशिवाय आणलेला नमुना आहे. प्रबंधात घालता येणार नाही. उद्या कंपनीने विचारलं तर?"

मैत्रीने आईला चांगला मास्क आणून दिला. कांताबाईंनी तो दोन दिवस लावला. खाली पंखे बंद असायचे, कोणी पाहुणे येणार असले की तेवढे चालू व्हायचे. त्या उकाड्यात मास्क लावून झाडू मारताना जीव कासावीस व्हायचा. तिसऱ्या दिवशी तो पिशवीतच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासायला कांताबाईंना नळीत फुंकायला लावलं. "धुळीत जाऊ नका," म्हणाले. कांताबाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेल्या. वरच्या ऑफिसांतलं काम त्यांनी मागून पाहिलं होतं. तिथे पंचविशीच्या पोरी लागत होत्या.

शेवटी मैत्री सुपरवायझर हिंदुरावांना भेटली. हिंदुराव कांताबाईंच्या गावचेच. तिचं बोलणं त्यांनी मधे न तोडता ऐकलं.

"ताई, खोकला मलाबी हाय. पाणी मारून झाडा म्हणावं, तर गाड्या घसरत्यात म्हणून वरून मनाई हाय. पण लिहून देतो मी. धुळीचा त्रास होतोय, असं लिहितो."

त्यांनी खरंच लिहून दिलं. तीन आठवड्यांनी वरून उत्तर म्हणून एक यंत्र आलं. पाठीला अडकवायचं, नळीतून जोराचा वारा मारायचा. गाड्यांखालची धूळ एका कोपऱ्यात ढकलायची आणि मग बायकांनी ती भरायची. काम अर्ध्या वेळात होऊ लागलं, म्हणून चारपैकी दोन बायका कमी केल्या. कांताबाई राहिल्या. त्यांना त्याचं बरंच वाटलं.

एक दिवस मैत्री न सांगता तिथे गेली. उतारावरून खाली आली तर समोर काही दिसेना. यंत्र घरघरत होतं, दिव्यांभोवती धूळ तरंगत होती. एक गाडी आत आली, तिची काच वर गेली. मैत्रीने हाक मारली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

धुळीतून कांताबाई पुढे आल्या, पदर नाकाला बांधलेला, भुवया करड्या झालेल्या. मुलीला पाहून त्या घाबरल्याच.

"तू इथे कशाला आलीस? जा आधी वर. सगळं छातीत जाईल तुझ्या."

"आई, तू पण चल."

"माझे अजून दोन कोपरे राहिलेत. जा म्हणते ना!"

त्यांनी मैत्रीच्या पाठीवर हात ठेवून तिला उताराकडे लोटलं. मैत्री दोन पावलं चालली, थांबली, मागे वळली. कांताबाई पुन्हा आत गेल्या होत्या. मागून आलेल्या गाडीने हॉर्न दिला, तशी ती बाजूला झाली आणि भिंतीला धरून वर चढू लागली.