हजेरीचं रक्त

“गुणाजी राऊळ!” मी हाक मारली, आणि बाकावरून भलताच माणूस उठला. उठला तो उठला, वर शर्टाची बाही सरकवून दंड माझ्यापुढे धरला.

गुणाजीला मी चांगली ओळखत होते. पन्नाशीचा, गालफडं बसलेला, दर वाक्याला खोकणारा. हा समोरचा तिशीतला, तालमीतून थेट उठून आल्यासारखा.

“तुम्ही कोण?”

“गुणाजी राऊळ.”

“मी आंधळी दिसते का तुम्हाला?”

तो ओशाळला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, “तसा न्हय, सिस्टर. मी लवू. गुणाजी माजे भावजी, माज्या भयणीचे घोव. तेंका ताप इलो हा, म्हणान मी इलंय. बदलीक.”

“कशाला?”

“बदलीक हो! कायमचो माणूस इलो नाय, तर बदलीवालो नको?”

हातातली सुई मी ट्रेमध्ये ठेवून दिली. नाहीतर कुठे टोचली असती, सांगता येत नाही.

परळच्या आमच्या इस्पितळात निम्मे पेशंट गिरणीतले, त्यामुळे बदली म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. कायम कामगार आला नाही, की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राहतो. साचा चालू राहतो, कापड निघत राहतं, तोंड कुणी बघत नाही. पण रक्ताला बदली! नर्स झाल्यापासून नाना तऱ्हा पाहिल्या. गोळ्या गाईला घालणारे पाहिले, बाटलीतलं औषध शेजाऱ्यांना वाटणारे पाहिले. ही तऱ्हा मात्र नवीन होती.

गुणाजीला फुप्फुसाचा कॅन्सर होता. त्यातलाही सगळ्यात घाईचा. त्या पेशी अगदी बारीक असतात. आमचे डॉक्टर जयवंत विलायतेहून शिकून आले होते, ते म्हणत की त्या ओटच्या दाण्यांसारख्या दिसतात. ओट मी जन्मात पाहिले नव्हते; मला त्या भिंगाखाली जिऱ्यासारख्या दिसायच्या. हा आजार कापून काढता येत नाही, कळेपर्यंत तो अंगभर पसरलेला असतो. पेशंट काही महिन्यांत जातो. म्हणून डॉक्टरांनी अभ्यास मांडला होता: वीस पेशंट घ्यायचे, दहांना नुसता एक्स-रेचा शेक द्यायचा आणि दहांना शेकाबरोबर नवीन इंजेक्शनं. हे औषध म्हणे लढाईतल्या विषारी वायूपासून निघालेलं. गाठ वितळवायचं, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारायचं. त्या उतरल्या, की साधा तापसुद्धा माणसाला घेऊन जातो. म्हणून दर बुधवारी रक्त बघायचं, पेशी पुरेशा असल्या तरच पुढचं इंजेक्शन.

कुणाला काय द्यायचं, ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरत होतं. गुणाजीच्या चिठ्ठीत इंजेक्शन निघालं, तेव्हा तो कायम झाल्यासारखा हरखला होता. “नंबर लागलो सिस्टर माजो,” असं वॉर्डभर सांगत फिरला.

“बरं,” मी लवूला म्हटलं, “गेल्या बुधवारी तरी ते स्वतः आले होते ना?”

मी गेल्या बुधवारी रजेवर होते. भाचीचा साखरपुडा होता गिरगावात.

लवूनं मान खाली घातली. “गेल्या बुधवारीपण मीच इल्लंय. तेवा भावजी ओकान ओकान अशक्त जावन आडवे झाल्ले. तुमी नव्हतास, दुसरी सिस्टर होती. तिनं नाव पुकारल्यान, मी हात फुडे केलंय.”

मी गुणाजीचा कागद काढून गेल्या बुधवारचा आकडा बघितला.

गेल्या बुधवारचं ते रक्त बघून डॉक्टर जयवंत खूश झाले होते. पेशी भरपूर. “काय टिकाव धरलाय या माणसानं!” म्हणून त्यांनी हात चोळले होते. शुक्रवारी गुणाजी कसाबसा जिना उतरून स्वतः आला, आणि दुसरं इंजेक्शन पुरतं दिलं गेलं. लवूच्या रक्तावर. आणि आज गुणाजीला ताप होता.

मी तशीच धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं एका दमात सांगितलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग चेहरा उतरला. “अभ्यासाचं वाटोळं झालं,” ते पुटपुटले.

“अभ्यास घाला चुलीत!” मी म्हटलं. डॉक्टरांशी असं बोलायची पद्धत नव्हती. “माणूस तापानं फणफणलाय.”

ते माणूस म्हणून चांगले होते, तेवढं कबूल करायला हवं. रागावले नाहीत. ताडकन उठून म्हणाले, “जा सिस्टर, घेऊन या त्याला. आत्ता. मी खाट आणि पेनिसिलिन तयार ठेवतो.”

घेऊन या म्हणणं सोपं होतं. समितीचा हरताळ त्या दिवशी. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते, आज सभा, उद्या मोर्चा. बस बंद, टॅक्सी बंद, इस्पितळाची गाडी कुठल्याशा पेशंटला घेऊन सायनला गेलेली. मी आणि लवू पायी लालबागला निघालो. वाटेत मी त्याला एवढं बोलले, एवढं बोलले, की शेवटी माझाच घसा सुकला. तो बिचारा “व्हय सिस्टर, व्हय सिस्टर” करत चालत होता.

“अरे, पण तुझ्या रक्तावरून त्यांना काय कळणार होतं?”

“काय कळूचा ता माका काय म्हायती? माका वाटला, हजेरी.”

चाळीत तिसऱ्या माळ्यावर गुणाजी घोंगडी पांघरून पडला होता. अंग तव्यासारखं. त्याची बायको रखमा कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. मला बघून तिला रडूच फुटलं. “बघा बाय, मी कालपासून सांगतंय इस्पितळात चला, तर ह्येंका पटणा नाय. लवू जातलो म्हणतत.”

“गुणाजी!” मी ओरडले. मजल्यावरची सगळी दारं उघडली. “अक्कल गहाण टाकलीत की काय? रक्त तपासायचं ते तुमचं! लवूचं रक्त घेऊन आम्ही काय लोणचं घालू?”

त्यानं डोळे उघडले. आधी खोकला, मग बोलला. “सिस्टर, रागाव नकात. इंजेक्शनाची सुई मी माज्याच दंडार घेतलंय ना? ता काम मी बदलीर नाय सोडूक. रगात ता काय, नुसती हजेरी. आनि हजेरी चुकली, की नंबर जाता.”

“कुणी सांगितलं तुम्हाला नंबर जातो म्हणून?”

“सांगूक कित्या व्हया?” तो म्हणाला. “अर्धो जल्म बदलीत गेलो माजो. रोज सकाळी गेटार उभा ऱ्हवायचा, कोनी गैरहजर आसलो तर काम, नायतर घराकडे. दुसऱ्याची जागा जाता कशी, ता मी बगलंय. तशीच माका मिळाली.”

चीड तर अशी आली होती, की त्याला, लवूला, त्या गिरणीला आणि तोंड न बघता रक्त काढणाऱ्या आमच्या बाईला एका रांगेत उभं करून झापावं. पण तिथं उभं राहून वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. लवूनं त्याला पाठीवर घेतलं, खाली कुणाची तरी हातगाडी होती तिच्यावर वाकळ घालून निजवलं, आणि आम्ही परळची वाट धरली.

नाक्यावर मोर्चा आडवा आला. झेंडे, घोषणा, ही गर्दी. मी पुढे होऊन ओरडले, “पेशंट आहे, वाट द्या!” स्वयंसेवकांनी हातात हात घालून लोकांना मागे सारलं, रस्ता करून दिला. आम्ही मधून जात होतो तोच घोषणा झाली, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र,” आणि गाडीवरून गुणाजीनं मूठ वर केली, “झालोच पायजे!”

“गप पडून राहा!” मी त्याचा हात खाली दाबला. “आधी तुम्ही तर जगा!”

लोक हसले. तोही हसला, आणि खोकून खोकून निळा पडला.

इस्पितळात पेशी मोजल्या. या खेपेला त्याच्याच. डॉक्टरांनी पार खाली गेलेला आकडा बघितला आणि ते चष्मा पुसत राहिले. पेनिसिलिन चालू केलं, ताजं रक्त द्यायचं ठरलं. रक्तगट जुळवले तर लवूचाच जुळला. तो टेबलावर आडवा झाला तेव्हा मी त्याला म्हटलं, “आता दे, हवं तेवढं दे, आता मी काही बोलत नाही.” त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते. सुईला भीत होता गडी, दोन्ही खेपांना भीतच आला असणार.

गुणाजी वाचला. ताप उतरायला बरेच दिवस गेले, अंगावर फक्त हाडं उरली, पण वाचला. रखमानं वॉर्डातल्या सगळ्यांना गूळ वाटला.

मग डॉक्टर जयवंतांनी मला व्हरांड्यात बोलावून घेतलं. “तिसरं इंजेक्शन त्याला सोसणार नाही. मी देणार नाही. आणि त्याला अभ्यासातून वगळावं लागेल, त्याचे आकडे धरता येणार नाहीत. नवीन पेशंट घेतोय त्याच्या जागी. शेक चालू ठेवू, जेवढं होईल तेवढं.” आणि वळताना म्हणाले, “सिस्टर, तुम्हीच सांगा त्याला.”

नेहमीचंच. चांगलं असेल ते डॉक्टर सांगणार, वाईट असेल ते आम्ही.

मी सांगितलं. गुणाजीनं पायाकडची चादर सारखी केली. मग म्हणाला, “म्हंजे माका कमी केल्यानी?”

“कमी बिमी काही नाही! ही काय गिरणी आहे?” मी जोरात बोलले. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी जास्तच ओरडते. “औषध सोसत नाही म्हणून बंद. शेकाला यायचं, रोज यायचं, आणि स्वतः यायचं!”

“येतलंय,” तो म्हणाला. “गाठ वाढतली ना आता?”

मी खोटं बोलले नाही. “बहुतेक.”

“आनि माज्या जागेर कोन येतलो?”

“येईल कुणीतरी. तुम्हाला काय करायचंय?”

पुढच्या आठवड्यात त्याच्या जागेवरचा पेशंट आला. शामराव नावाचे ठाकूरद्वारचे एक कारकून, धोतर-कोट, घाबरलेला चेहरा. पहिलं इंजेक्शन घेऊन बाहेर बाकावर बसले होते. शेजारी शेकासाठी थांबलेला गुणाजी. मी शामरावांना बुधवारचं समजावायला गेले, तर गुणाजी आधीच बोलत होता.

“दोन दिवस ओकारी येतली. भिया नकात. पन मागसून ताप इलो, तर घरात बसू नकात. उचलून आणूक लावा. आनि बुधवारी तुमीच येवा, भाऊ-भाच्याक धाडू नकात. रगात तुमचाच व्हया.”

“तुम्हीपण ह्याच इंजेक्शनवर का?” शामरावांनी विचारलं.

गुणाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सांगणारच होते.

“आधी मी होतंय,” तो म्हणाला. “आता तुमी.”

आतून त्याचं नाव पुकारलं. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि भिंतीला हात लावत उठला. मी आधार द्यायला पुढे झाले, तर मान हलवली. “ऱ्हवा सिस्टर, ह्या माजा माकाच करूक व्हया.”

शेकाच्या खोलीचं दार जड होतं. त्यानं ते खांद्यानं ढकललं आणि आत गेला.