दाराआडची नावं

संघदीपने कागद तिसऱ्यांदा पुढे सरकवला आणि नागोरावांनी तो तिसऱ्यांदा मागे सरकवला. वणीजवळच्या त्या खासगी तंत्रशाळेला मोटार विभागासाठी शिक्षक हवा होता. अट एकच, मोटार कारखान्यातला दहा वर्षांचा अनुभव. संघदीपचा अनुभव होता बारा वर्षांचा. कागदावर मात्र सहाच.

"बाकीची सहा कुठी गेली?" प्राचार्य नागोरावांनी विचारलं.

कुठे जाणार? हाल्डेन ही परदेशी कंपनी पुण्याजवळच्या माळावर आली २००७ साली. गोऱ्या साहेबाने नारळ फोडला, तो तिसऱ्या फटक्याला फुटला, आणि 'हाल्डेन इंडिया' सुरू झाली. पुढे दुसरी शिफ्ट आली, पन्नास हजारावी गाडी निघाली, आफ्रिकेला गाड्या जाऊ लागल्या. या सगळ्या पराक्रमाची चकचकीत पुस्तिकाही निघाली. तिच्यात यंत्रं होती, साहेब होते, ठेकेदाराकडून आलेली पोरं तेवढी नव्हती. संघदीप पहिली सहा वर्षं ठेकेदाराचाच माणूस होता. २०१३ला तो कायम झाला, २०१९ला विक्री आटली आणि कंपनीने गाशा गुंडाळला. ठेकेदार तर त्याआधीच पसार झालेला. आता पत्र टाकलं की परदेशातून दोन ओळींचं उत्तर येई: नोंद आढळत नाही. हजारो गाड्यांना दारं बसवणाऱ्या माणसाची म्हणे नोंद आढळत नाही!

दुसरा कुणी असता तर नशिबाला शिव्या घालत घरी गेला असता. संघदीप हट्टी होता.

"मले तीन दिवस द्या, साहेब. पुरावा आणतो."

"कागद?"

"नाई. गाडी."

घरी दीपाने, त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारला. "गाडी कायले नेता? काय दाखवता तिथी?"

"दाराच्या आतलं," तो म्हणाला. "लाइनवर हरेक गाडीच्या काचेवर चिठ्ठी राहे, कोन्या गावच्या शोरूमले जाते म्हणून. यवतमाळ दिसलं का मी आन् माह्या जोडीचा भावसिंग आतल्या पत्र्यावर नाव लिहून टाको. आपल्या मुलखाले चालली न बाप्पा! साहेबाले मालूम झालं असतं तं दोघंबी घरी बसलो असतो."

वणीत त्या काळातली एकच हाल्डेन उरली होती, निवृत्त बँक अधिकारी पुंडलिकरावांची, यवतमाळच्या शोरूममधून घेतलेली. ते तिला पोटच्या पोरीसारखं जपत. आतलं पॅनल उघडायचं म्हटल्यावर ते उसळलेच.

"अरे, एक क्लिप तुटली तर आणू कुठून? कंपनीच राहिली नाही. दार जन्मभर खडखडेल!"

"तुटली तं तुमच्या गाडीचं काम जनमभर फुकट करीन," संघदीप म्हणाला. पुंडलिकराव किल्ली आणायला आत गेले.

तिसऱ्या दिवशी गाडी तंत्रशाळेच्या अंगणात उभी राहिली. संघदीपने दीपाच्या स्वयंपाकघरातला लाकडी सराटा, म्हणजे उलथणं, आणला होता, लोखंडाने क्लिप तुटते म्हणून. डाव्या दाराचे स्क्रू काढून त्याने खालच्या कोपऱ्यात सराटा सारला. एक क्लिप, दुसरी, तिसरी. दर आवाजाला पुंडलिकराव वाकून क्लिप शाबूत आहे का ते बघत होते. नऊच्या नऊ क्लिपा सुटल्या, एकही तुटली नाही. पॅनलमागे काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद होता आणि त्यातून पत्र्यावरची अक्षरं दिसत होती: संघदीप, वणी, १४-८-२००८.

"हे तं तुमी कालबी लिहू शकता," नागोराव म्हणाले.

"डिंक पाहा, साहेब. कारखान्यातला हाये. एकदा उचकला का पुन्हा असा बसत नाई."

नागोरावांनी गुडघ्यावर बसून चारही कडांवरून बोट फिरवलं. डिंक कुठेही उचकलेला नव्हता. ते उठले आणि त्यांनी स्वतःहून २००८ ते २०१९, अकरा वर्षं, असं लिहिलं.

नोकरी झाली होती. हात झटकून घरी जावं एवढंच उरलं होतं. पण संघदीप सराटा घेऊन गाडीच्या पलीकडे गेला.

"आता काहून?" नागोरावांनी विचारलं.

"इकडचं दार भावसिंग बसवे. तो दिग्रसले पेट्रोल पंपावर पहारा करून राह्यला. त्यालेबी तेच पत्र आलं, म्हून तो कुठी अर्जच करत नाई. पयले तुमी लिहा, साहेब. भावसिंग आडे, दिग्रस. नावाखाली बैलबंडी काढलेली. मंग मी उघडतो."

नागोरावांनी कोरा कागद काढून सांगितलं तसं लिहिलं. पुन्हा नऊ क्लिपा. प्लास्टिकच्या आड नाव होतं, गाव होतं, आणि खाली दोन चाकांची वाकडीतिकडी बंडी होती. संघदीपने फोन काढला.

"भावसिंग," तो म्हणाला, "तुही नोंद सापडली बे."