धरणावरची तपासणी

सुलोचनाबाईंनी भुरीला काखांत हात घालून मॅटॅडोरमध्ये उचलून घेतलं आणि दार ओढलं. दार नीट बसेना. आतून चारपाच मुलांनी हात लावला तेव्हा कुठं ते लागलं.

"बहनजी, मेरी माँ ने तेल लगाया," भुरी डोकं पुढं करून म्हणाली. केस चापूनचोपून बसवलेले, वर लाल रिबीन. सगळीच मुलं अशी नटून आली होती. कजोडच्या सदऱ्याला तर घडीची रेघसुद्धा होती. खडी फोडणाऱ्यांची, पालात राहणाऱ्यांची, झाडूवाल्यांच्या गल्लीतली ही मुलं. पाचवीच्या वर्गात सतरंजीच्या मागच्या टोकाला बसणारी.

फाटकातून मुख्याध्यापक माथुरजी हात हलवत होते. "आराम से आइएगा! शाम तक कोई जल्दी नहीं है."

सोडाल्याच्या पलीकडची, शहराच्या कडेची ती सरकारी हिंदी प्राथमिक शाळा. गेल्या साली, त्र्याऐंशीत, पाचवीचा निकाल निम्म्यावर आला होता आणि आज तपासणीचे साहेब येणार होते. रेल्वे क्वार्टरमधली, दुकानदारांची मुलं धडा घडाघडा वाचतात. तेवढीच वर्गात दिसली म्हणजे शाळेला चांगला शेरा मिळेल. शेरा चांगला आला की सुलोचनाबाईंची नोकरी कायम होईल. माथुरजींनी हे सगळं चहा पिता पिता सांगितलं होतं, वर हसून म्हणाले होते, "बच्चे भी खुश, साहब भी खुश." बाईंनी मान हलवली होती. न वाचणाऱ्यांची नावं काढून सहलीला कुणाकुणाला न्यायचं, ते बाईंनीच ठरवलं.

त्यात मालनही होती. रेल्वेच्या रुळांवर राबणाऱ्या सर्जेराव गँगमनची मुलगी, पावसाळ्यानंतर वडलांची बदली झाली म्हणून आलेली, हिंदी वाचता न येणारी, वर्गात मराठी बोलणारी एकटीच. बहनजी म्हणायचं ती विसरायची आणि "बाई" म्हणायची. तेव्हा बाई मुद्दाम हिंदीत उत्तर द्यायच्या. आपल्यातली म्हणून लाड करतात, असं कुणी म्हणायला नको.

कानोत्याच्या धरणाच्या पाण्यावर ऊन लखलखत होतं. मुलं काठानं धावली, ओरडली, भिजली. मग झाडाखाली बसून सगळ्यांनी आपापली गाठोडी सोडली. बाजरीची भाकर, लसणाची चटणी, कांदा, कुणाचा नुसता गूळ. बाईंनी पातेलंभर बेसनाचे लाडू आणले होते. ते करताना रात्री यजमान जनार्दनरावांनी विचारलं होतं, "एवढं तूप? कुणाचं बारसं आहे का?" त्या लाडू वळत राहिल्या होत्या.

एकादशीला बनी पार्कातल्या मंडळात आनंदरावबुवांचं कीर्तन असलं की सुलोचनाबाई पुढच्या रांगेत असायच्या. बुवांची आख्यानं त्यांना टाळीच्या ठेक्यासकट पाठ. मुलांच्या मधोमध मांडलेल्या त्या शिदोऱ्या पाहून त्यांना काल्याचं कीर्तन आठवलं, आणि पदर खोचून त्या उभ्याच राहिल्या. मुलांना टाळी धरायला लावली. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, मधेच गाऊन, मधेच पेंद्याचं सोंग घेऊन लंगडत. यमुनेचा काठ, गाई, शिदोऱ्या सोडून बसलेले सवंगडी. कुणाची ताकभाकर, कुणाचं शिळंपाकं. देव म्हणतो, सगळं एकत्र कालवा. हात घालणार तोच थांबतो. इकडंतिकडं बघतो.

"क्यों रुक गया?" कजोडनं विचारलं.

"एक जण यायचा राहिलाय. पायानं अधू आहे, मागं पडलाय. देव म्हणतो, तो आल्याशिवाय..."

टाळी चालूच होती. बाई मात्र तिथंच अडखळल्या. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि त्या पुन्हा त्याच जागी थांबल्या.

"उसके बिना नहीं खाएगा!" भुरीनंच ओरडून पुरं केलं, आणि मुलांनी हसत हसत भाकऱ्या एकमेकांच्या फडक्यात टाकल्या. बाई खाली बसल्या. त्यांच्या पुढ्यात कुणीतरी चटणी लावलेला तुकडा ठेवला. तो त्यांनी उचलला आणि शेजारच्या मुलीच्या फडक्यात ठेवला.

ऊन कलल्यावर गाडी परत शाळेशी आली. माथुरजी फाटकातच उभे होते, चेहरा उतरलेला.

"साहब आए ही नहीं. रास्ते में जीप खराब हो गई. अब सोमवार को आएँगे." मग आवाज खाली आणून, "सोमवार का भी कुछ सोच लीजिए, बहनजी."

मुलं उड्या मारून उतरली, घराच्या वाटेला लागली. मालन तेवढी मागं राहिली. लाडवांचं रिकामं पातेलं तिनं फडक्यानं पुसून बाईंपुढं धरलं.

"बाई, सोमवारी आमी कुठं लपायचं?"

उद्या कुठली वही आणू, असं विचारावं तसा तिचा आवाज होता.

"लपायचं कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणंल? तिकडल्या शाळंत बी साहेब आला की आमाला मागच्या खोलीत कोंडायचे. तितं उंदरं हुती." ती हसली. "धरण लई चांगलंय."

"हे... बाकीच्यांना माहीत आहे?"

"समद्यास्नी. भुरी म्हणली, बहनजीला कळू दिऊ नका. तिनं एवढं लाडू केल्यात."

सुलोचनाबाईंनी पातेलं घेतलं. घेतलं तरी कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. फाटकातून माथुरजींनी कुलूप दाखवलं. "बहनजी, बंद करना है."

"सोमवारी शाळेत यायचं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी. भुरीला सांग, कजोडला सांग. पुढं बसायचं."

मालन गोंधळली. "आन् सायबानं वाचाय लावलं तर? मला येत न्हाई की."

"तर सांगायचं, बहनजींनी अजून शिकवलं नाही."

मालननं त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. बाई चेष्टा करत नव्हत्या.

"हिंदीत कसं म्हणायचं?"

"बहनजी ने अभी तक सिखाया नहीं."

"बहनजी ने..." मालन पुटपुटली आणि कुलूप घेऊन उभ्या असलेल्या माथुरजींकडं पाहून गप्प झाली.

"थांबू नकोस," सुलोचनाबाई म्हणाल्या. "म्हण. मोठ्यानं."