अर्ध्या चेहऱ्याचा भिडू

त्रुको हा पत्त्यांचा खेळ हातांनी कमी आणि तोंडानं जास्त खेळला जातो. दोघांविरुद्ध दोघं बसतात, भिडू समोरासमोर, आणि आपल्याला काय पानं आली हे भिडूला चेहऱ्यानं सांगायची मुभा असते. रंग चार: तलवारी, सोटे, मोहरा आणि पेले. दोन्ही भुवया उडवल्या की तलवारीचा एक्का, म्हणजे सगळ्या पानांचा बाप. डोळा मारला की सोट्याचा एक्का. तोंड उजवीकडे वाकडं केलं की तलवारीची सत्ती, डावीकडे केलं की मोहरांची. खालचा ओठ चावला की तिर्री. या खुणा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. कसब एवढंच, की समोरच्यांची नजर जराशी ढळली की तेवढ्यात खूण करून साळसूद व्हायचं.

हे कसब एर्मिनियोकडे होतं तसं त्या नदीकाठच्या गावात कुणाकडेच नव्हतं. चाळीस वर्षं त्यानं टपाल वाटलं होतं. पत्रात वाईट बातमी आहे हे ठाऊक असूनही हसतमुखानं पाकीट हातात द्यायची सवय, तिचा पत्त्यांत उपयोग झाला. त्याची भिडू म्हणजे त्याची थोरली बहीण निल्दा. लग्न न केलेली, औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेली, जिभेनं तिखट. भावाच्या घरामागे, एकाच अंगणात तिचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. दर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, तीन राजांचा सण झाला की क्लबात त्रुकोची स्पर्धा लागायची आणि कार्निव्हलपर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी बकाणनिंबांच्या सावलीत टेबलं मांडली जायची. त्या टेबलावर ही दोघं भावंडं गेली सव्वीस वर्षं समोरासमोर बसत आली होती.

या वर्षी नाताळच्या आठवडाभर आधी एर्मिनियो सकाळी उठला, तोंड धुवायला गेला आणि चूळ भरता येईना. पाणी डाव्या कोपऱ्यातून गळून गेलं. आरशात पाहिलं तर डावी बाजू ओघळल्यासारखी, डोळा मिटत नाही, भुवई जागची हलत नाही, आणि तोंड उजवीकडे ओढलेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, परत येईल. कधी, हे त्यांनी सांगितलं नाही. पूर्ण येईल का, हे विचारायचं धाडस एर्मिनियोच्या बायकोनं, ग्रासिएलानं केलं. बहुतेकांचं येतं, असं ते म्हणाले.

ग्रासिएलाला पत्त्यांचा तिटकारा होता, पण नवऱ्याचा नव्हता. रोज सकाळी ती त्याला आरशापुढे बसवून गाल फुगवायला लावी, शीळ घालायला लावी, भुवया चढवायला लावी. उजवी भुवई कपाळावर जायची, डावी ढिम्म. दुपारी झोपताना डोळ्यावर पट्टी चिकटवून द्यायची. नळीनं माते, म्हणजे तुंब्यातला कडू चहा, पिताना त्याला ओठ दोन बोटांनी चिमटून धरावा लागे आणि तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसे. अडतीस अंशांच्या उन्हात गळ्याभोवती रुमाल गुंडाळून तो तोंड झाके. दारावर पाववाला आला की आत पळे.

निल्दाला हे बघवत नव्हतं. बघवत नसलं की ती कामाला लागायची.

"चल, पत्ते काढ," ती एका दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "गुरुवार आलाय."

"कुठला गुरुवार? मी येत नाहीये."

"येऊ नकोस. इथे तर खेळशील?"

खेळली. दोन रिकाम्या खुर्च्यांपुढेही पानं वाटली, निल्दानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड उजवीकडे. म्हणजे तलवारीची सत्ती! तिनं जोरात बोली वाढवली आणि सपाटून आपटली. पुढच्या डावात पुन्हा तोंड उजवीकडे. तिनं पुन्हा बोली वाढवली, पुन्हा आपटली. तिसऱ्या डावाला तिच्या डोक्यात उजेड पडला.

"मेल्या, तुझ्याकडे सत्ती नाहीच आहे."

"मी कधी म्हटलं आहे म्हणून?"

"तोंड म्हणतंय ना."

मग निल्दानं सुचवलं, की सत्तीसाठी कान खाजव. एर्मिनियोनं पत्ते टेबलावर ठेवले. खुणा ठरलेल्या आहेत, बापजाद्यांपासून चालत आल्या आहेत, घरात बसून नव्या खुणा ठरवणं म्हणजे लबाडी, आणि तोंड वाकडं झालं म्हणून तो वाकडा खेळणार नाही. शेवटी असं ठरलं, की जेवढं हलतं तेवढं हलवायचं. एक भुवई वर गेली तरी एक्का समजायचा. उजवा डोळा मिटतो, ते बरंच आहे. सत्त्या मात्र दैवाच्या हवाली.

निल्दाला क्लबाचा कप नको होता. घरी तीन होते, त्यांत ती सुईदोरे ठेवायची. तिला समोरच्या खुर्चीत भाऊ हवा होता, बस्स. हा उन्हाळा तो आत बसून राहिला तर पुढच्या उन्हाळ्यात बाहेर येणार नाही, हे ती त्याला लहानपणापासून ओळखत होती म्हणून तिला कळत होतं. ग्रासिएलालाही ते कळत होतं. तिनं न सांगता नवऱ्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला.

पहिल्या गुरुवारी तो शर्ट घालून एर्मिनियो बहिणीबरोबर गेला. समोर किरोगा आणि त्याचा जावई वाल्तेर. किरोगा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. आवाज हॉर्नसारखा, आणि टेबलावर बसला की समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरल्याशिवाय त्याला पान टाकता येत नसे. वाल्तेर नळदुरुस्ती करी आणि सासऱ्यापुढे बोलायची संधी न मिळाल्यामुळे विचारी समजला जाई.

एर्मिनियोनं रुमाल सोडला. किरोगानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच पत्त्यांत डोकं घातलं. "कसा आहेस?" एवढंच म्हणाला, तेही हळू. मग सबंध संध्याकाळ तो गुणी मुलासारखा खेळला. एर्मिनियोनं बोली केली की म्हणे, "सोडला," आणि पान न टाकताच गुण देऊन टाकी. निल्दानं बोली केली की म्हणे, "सोडला बुवा." शेजारच्या टेबलावरचे लोकही खालच्या आवाजात बोलत होते, मयताला आल्यासारखे. भावंडं तीस विरुद्ध अकरा अशी जिंकली.

घरी जाताना निल्दा खुशीत होती. एर्मिनियोनं फाटकाशी आल्यावर तोंड उघडलं.

"किरोगानं आज मला एक शिवी दिली नाही."

"नाही दिली तर नाही दिली. जिंकलो ना?"

"जिंकलो नाही, निल्दा. आपल्याला भीक घातली. हातचं राखून खेळत होता तो. चांगली पानं होती, मी बघितली त्याची ताठ झालेली मान. तरी सोडत होता." त्यानं रुमाल पुन्हा गुंडाळला. "तू वाल्तेरला नाहीतर कुणालाही भिडू घे. मी गेलो ते शेवटचं."

आणि तो खरंच आत गेला. शनिवारी मुलगी नातवंडांना घेऊन आली, अंगणात प्लास्टिकचा हौद भरला, मांस भाजलं. एर्मिनियो खोलीतच बसून राहिला. ग्रासिएलानं ताट आत नेऊन दिलं आणि रिकाम्या हातांनी बाहेर येऊन ती हौदात आणखी पाणी ओतू लागली.

रविवारी सकाळी निल्दा नदीवर गेली. किरोगा घडीच्या खुर्चीत गळ टाकून बसला होता.

"किरोगा, तुला लाज आहे का?"

"असेल थोडी. काय झालं, निल्दाबाई?"

"माझ्या भावाला तू गुरुवारी जिंकू दिलंस."

किरोगानं दोरीकडे बघत मान हलवली. "मग काय करू? त्याच्याकडे बघवत नाही हो मला. तीस वर्षं ज्याला वाट्टेल ते बोललो, त्याचं तोंड असं झाल्यावर मी काय बोलू? तोंड उघडलं की तेच येणार. ते सोडून मला दुसरं सुचतच नाही."

"मग तेच बोल."

"तुम्ही वेड्या आहात का?"

"वेडी असेन. पण तू गप्प बसलास आणि तो घरी येऊन खोलीत शिरला. तू त्याला शिव्या घालत होतास तेव्हा तो जिवंत होता. आता सगळं गाव त्याची कीव करतंय, आणि त्यात पहिला तू. कीव करायला त्याची बायको आहे, मी आहे. तुझं काम वेगळं आहे, ते तू कर."

किरोगाच्या गळाला काहीतरी लागलं होतं, ते त्यानं पाहिलं नाही.

मंगळवारी दुपारची झोप आटोपून एर्मिनियो, ग्रासिएला आणि निल्दा अंगणात बसली होती. फाटकावर किरोगा आला. एर्मिनियो उठून आत जायला निघाला, पण त्या माणसाच्या आवाजापुढे कोण पळणार?

"ए टपालवाल्या, थांब. एक विचारायला आलोय. डिसेंबरपासून तलवारीची सत्ती धरून बसलायस, टाकणार कधी?"

ग्रासिएलाच्या हातातला मातेचा तुंबा हिंदकळला. आपण हे काय करून बसलो, असं निल्दाला वाटलं. एर्मिनियो पाठमोरा उभा होता, त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय, असं दोघी बायकांना वाटलं. तो वळला तर हसत होता. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं तसंच, आणि डाव्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली होती. त्यानं ती पुसलीसुद्धा नाही.

"तू बाप आहेस का माझा, तुला विचारून टाकायला?" तो म्हणाला. "गुरुवारी ये. तिथे टाकतो. तुझ्या टाळक्यात."

"बघू. वाकड्या तोंडाचे फार बोलतात."

"आणि सरळ तोंडाचे फार हरतात. बस आता. ग्रासिएला, याला माते दे, पण साखर घालू नकोस. आधीच जीभ गोड झालीये त्याची, गुरुवारी पाहिलं मी."

त्या दिवशी एर्मिनियोनं सगळ्यांसमोर ओठ चिमटून माते घेतला. ग्रासिएलानं किरोगापुढे केकचा दुसरा तुकडा ठेवला.

त्यानंतर दर गुरुवारी भावंडं जात राहिली. कधी हरली, कधी जिंकली, पण खरोखरच हरली आणि खरोखरच जिंकली. किरोगाच्या तोंडाला लगाम राहिला नाही. गाव पुन्हा मोठ्यानं बोलू लागलं. आणि एक गंमत झाली: एर्मिनियोच्या कायमच्या सत्तीनं समोरचे गोंधळायला लागले. ती खूण खरी आहे की आजार, कुणाला कळेना. निल्दालाही कळत नव्हतं, पण ते ती कशाला कबूल करेल?

रोज सकाळचा आरसा मात्र चालूच होता. जानेवारी गेला, फेब्रुवारी उजाडला. गाल किंचित फुगू लागला, डोळा मिटू लागला. भुवई ढिम्म. ग्रासिएलानं आता दिवस मोजायचं सोडून दिलं होतं.

कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी शेवटचा सामना लागला, तो नेमका किरोगाशीच. बक्षीस कप आणि एक आख्खी हॅमची तंगडी. ग्रासिएला उभ्या आयुष्यात प्रथमच क्लबात आली, एम्पानादांचं, म्हणजे मांस भरलेल्या करंज्यांचं, ताट घेऊन, आणि पाठ करून उभी राहिली, कारण तिला बघवत नव्हतं. उन्हं अजून फांद्यांत होती. गुण झाले होते किरोगाकडे अठ्ठावीस, भावंडांकडे सत्तावीस. तीसला सामना.

पानं वाटली गेली. एर्मिनियोनं आपली तीन पानं पाहिली आणि शांतपणे दोन गुणांची बोली लावली, "त्रुको."

किरोगानं पत्ते छातीशी धरून चाळले. त्याच्याकडे सोट्याचा एक्का असावा, कारण त्याची मान ताठ झाली. तो आता बोली चढवणार, हे निल्दाला दिसत होतं. चढवली की तीन गुणांचा डाव, आणि भावंडांना तीनच हवे होते. किरोगा पत्त्यांत बघतोय, वाल्तेर किरोगाकडे बघतोय. तेवढ्यात निल्दानं भावाकडे पाहिलं.

उजवी भुवई वर गेली. आणि तिच्यामागून, जड ओझं उचलावं तशी, डावी. केसभर. पण गेली.

"मिनियो," निल्दा ओरडली, "तुझी डावी भुवई हलली."

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. किरोगानं एर्मिनियोकडे पाहिलं, मग स्वतःच्या पानांकडे पाहिलं. दोन भुवया म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं पत्ते उलटे करून टेबलावर ठेवले.

"सोडला," तो म्हणाला. म्हणजे भावंडांना तिनाऐवजी एकच गुण. मग त्यानं मनगटानं नाक पुसलं. "आता परत हलव बघू."

एर्मिनियोनं हलवली. गर्दी झाली. ग्रासिएला ताट कुणाच्या तरी हातात देऊन आली, तिनं एप्रनला हात पुसले आणि अंगठा नवऱ्याच्या भुवईवर ठेवला, ताप बघतात तसा. "परत," ती म्हणाली. त्यानं परत हलवली. तिनं त्याच्या कपाळाचा मुका घेतला, गावादेखत, आणि ती रडायला लागली.

पुढच्या डावात निल्दाला मोहरा कुठल्या नि पेले कुठले हेच दिसेना. न बोलणाऱ्या वाल्तेरनं दोन गुण काढले आणि सामना संपला. कप आणि हॅम किरोगाकडे गेलं.

"निल्दाबाई," हॅम खांद्यावर घेत तो म्हणाला, "पुढच्या वर्षीही याच्याच बाजूनं खेळा हं. आमची सोय होते."

घरी जाताना एर्मिनियो धुमसत होता. रुमाल त्यानं क्लबातच विसरला होता.

"दोन मिनिटं थांबता आलं नाही तुला? तो बोली चढवत होता, निल्दा. तोंड उघडलं होतं त्यानं. एक्का होता माझ्याकडे."

"माहीत आहे. गावाला माहीत आहे."

"सव्वीस वर्षं खेळतेयस. भुवया उडवल्या म्हणजे एक्का, हे तुला आज कळलं नाही?"

"नाही कळलं," निल्दा म्हणाली. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. "एक्का डोक्यात आलाच नाही रे. इतकी वर्षं तुझं तोंड म्हणजे मला पत्तेच दिसत आले. आज नुसतं तोंड दिसलं."

एर्मिनियोनं बहिणीचा हात धरून आपल्या कोपरात अडकवला, आणि ग्रासिएला फाटक उघडायला पुढे गेली.